पाच-नऊ, सगळं कळलं

रफीकभाई,

तुम्हाला माती देऊन आज अकरा दिवस झाले. आपल्या हौशी रेडिओवाल्यांच्या पत्रकात तुमच्यावर काहीतरी लिहा, असं मला सांगण्यात आलं आहे. जन्म कुठला, परवाना कधी मिळाला, मुली कुठं दिल्या, ही माहिती मी वेगळ्या कागदावर लिहून दिली. ती बरोबर आहे, दोनदा तपासली. उरलेलं मात्र तुमच्याशीच बोलायचं आहे. पत्रक तुमचे उद्यमनगरातले शेजारीही वाचतील, त्यामुळे तुम्हाला पाठ असलेल्या दोन-चार गोष्टी मध्येच सांगाव्या लागतील. तेवढं सोसा.

मी तुमच्या दुकानात पहिल्यांदा आलो तो मोटर घेऊन. डेअरीतल्या दुधाची फॅट काढायच्या यंत्राची मोटर जळाली होती आणि मोटर रिवाइंडिंगला उद्यमनगरात तुमच्याइतका हात कुणाचा नाही, असं मला तिघांनी सांगितलं होतं. तुम्ही तांब्याची तार गुंडाळत होतात आणि कोपऱ्यातल्या एका पेटीतून सांगलीचे कुणी डॉक्टर त्यांच्याकडच्या हवेबद्दल बोलत होते. मी विचारलं, फोन स्पीकरवर ठेवलाय का? तुम्ही वर न बघता म्हणालात, "फोन न्हाय. हवेतनं येतंय." मग तार संपेपर्यंत तुम्ही मला सगळं सांगितलं. परीक्षा द्यावी लागते, सरकारी परवाना मिळतो, धंद्याचं बोलायचं नाही, राजकारण बोलायचं नाही. मी म्हणालो, मग उरतं काय? तुम्ही म्हणालात, "तेच बघायचं असतंय."

पुढचे चार महिने जेवणाच्या सुट्टीत मी तुमच्याकडे मोर्स, म्हणजे टकटकीची तारेची भाषा शिकलो. तुमच्याकडे ती वाजवायची सरावाची किल्ली होती, पण किल्ली कायम दुरुस्तीला काढलेली असायची, म्हणून तुम्ही पान्याने मोटरच्या बॉडीवर ठोकून शिकवलंत. मिनिटाला आठ शब्द यायला हवे होते. मी साडेआठवर पोचलो तेव्हा तुम्ही शेजारच्या लेथवाल्यालाही चहा सांगितलात. त्याला तो ठोकठोकाट चार महिने ऐकावा लागला होता.

माझं नाव तुम्ही पहिल्याच आठवड्यात ठेवलंत. दुकानात मी 'चौगुल्या' किंवा 'फॅटवाले', आणि हवेवर आलो की 'तुम्ही'. मला हे फार विचित्र वाटायचं. दुपारी "चौगुल्या, सर की तिकडं" म्हणणारा माणूस संध्याकाळी "आपण कसे आहात, ओव्हर" म्हणून विचारायचा.

तुमची हजेरी. सोमवार ते गुरुवार, संध्याकाळी साडेसात. कळंब्याहून माझ्या उचगावला सरळ बोलायचं तर मध्ये सगळं शहर आडवं येतं. म्हणून आपण सगळ्यांनी मिळून डोंगरावर एक यंत्र बसवलं आहे. खालून आलेला आवाज ते झेलतं आणि त्याच क्षणी मोठा करून चारी बाजूंना सोडतं. त्याला रिपीटर म्हणायचं. तुम्ही कळंब्याच्या घरातून एकेकाला पुकारायचात, तो उत्तर द्यायचा, दोन वाक्यं बोलायचा, आणि तुम्ही त्याला त्याच्या आवाजाचा रिपोर्ट द्यायचात. रिपोर्ट म्हणजे दोन आकडे. पहिला एक ते पाच, शब्द किती कळतात त्याचा. दुसरा एक ते नऊ, ताकदीचा. पाच-नऊ म्हणजे पैकीच्या पैकी. जो पुकारला जाऊन बोलणार नाही त्याला तुम्ही तिसऱ्या हाकेनंतर 'गैरहजर' म्हणायचात आणि वहीत तसं लिहायचात.

तुम्ही सगळ्यांना पाच-नऊ द्यायचात. ज्याचा आवाज चक्कीतून आल्यासारखा यायचा त्यालाही. इथूनच आपलं भांडण सुरू झालं आणि ते पंधरा वर्षं चाललं.

माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं. रिपीटरवर दुसऱ्या आकड्याला तसा अर्थ नाही. माझ्या मीटरचा काटा दाखवतो ती डोंगरावरच्या यंत्राची ताकद, पलीकडच्या माणसाची नव्हे. तो कायम नऊवर. पण पहिला आकडा कानाने ठरवायचा असतो, आणि तो खरा सांगायचा. नाहीतर आकडा कशाला?

हातकणंगल्याचे मगदूम गुरुजी निवृत्तीनंतर परवाना काढून पहिल्यांदा हजेरीला आले, ती संध्याकाळ मला आठवते. तुमचा घसा बसला होता म्हणून हजेरी मी घेत होतो. गुरुजींचे निम्मे शब्द खरखरीत बुडत होते. मी सांगितलं, "तीन-नऊ. तुमच्या केबलच्या जोडणीत दोष वाटतो." गुरुजी "बरं" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत.

तुम्ही मला दुकानात बोलावून घेतलंत.

"आठ दिवस त्यो माणूस ह्या वयात छपरावर चढतोय," तुम्ही म्हणालात, "आन तू त्याला पहिल्याच दिवशी नापास करतोस व्हय?"

मी म्हणालो, डेअरीत एखाद्या म्हशीचं दूध पातळ लागलं तर मी तिला सात फॅट लावत नाही.

"म्हशीला लाज वाटत न्हाय, फॅटवाले. माणसाला वाटती."

पुढच्या आठवड्यात गुरुजी परत आले. आवाज घंटेसारखा. त्यांनी जोडणी सुधारली असणार, म्हणजे माझ्या रिपोर्टचा उपयोग झाला, असं मी धरून चाललो. दोन वर्षांनी एका लग्नात गुरुजींनीच सांगितलं तेव्हा कळलं. रविवारी तुम्ही स्कूटरवर सोल्डरिंगची इस्त्री आणि टेप घेऊन हातकणंगल्याला गेला होतात. येऊन-जाऊन पन्नासएक किलोमीटर. गुरुजींना म्हणालात, रिपोर्ट उत्तमच येतोय तुमचा, इकडून चाललो होतो म्हणून डोकावलो. मग बोलता बोलता छपरावर चढून जोड नवा करून दिलात.

मला ते पटेना म्हणून मी एकेकाला विचारून यादी केली. हजेरीत तेव्हा आपण तेवीस जण होतो. तुम्ही त्यातल्या चौदांच्या घरी असे 'इकडून चाललो होतो' म्हणून जाऊन आला होतात. चौदाही वेळा आधी पाच-नऊ दिलेलं होतं. मी ती यादी तुमच्यापुढे ठेवली आणि म्हणालो, मग हवेवर खरं सांगून गेला असतात तर काय बिघडलं असतं? तुम्ही यादीकडे बघितलंही नाही. म्हणालात, "चारचौघांत सांगितलं की माणूस सेट बंद करून टाकतो. मग दार कोण उघडणार?"

मी कबूल झालो नाही. खोटा आकडा तो खोटाच, असं म्हणून उठलो.

तरी तुम्हाला आकड्याची किंमत कळत नव्हती असं कुणी म्हणू नये. पुराच्या वर्षी शहराचे दोन तुकडे झाले आणि फोन गेले, तेव्हा तुम्ही एका शाळेत सेट मांडून सहा दिवस बसला होतात आणि मी पाण्याच्या या बाजूला होतो. किती माणसं, किती लहान मुलं, कुठली औषधं, हे मी तुमच्याकडून घ्यायचो. त्या सहा दिवसांत तुम्ही कुणालाही पाच-नऊ दिलं नाही. प्रत्येक निरोप माझ्याकडून वाचून घेतलात. दुसऱ्या दिवशी मी दमलो होतो आणि सगळं लिहून व्हायच्या आत 'मिळालं' म्हणालो. तुम्ही विचारलंत, "मग वाचा." मला शेवटची ओळ वाचता आली नाही. ती बाळंतिणीची होती. तुम्ही आवाज चढवला नाहीत. फक्त म्हणालात, "हातात आल्याशिवाय मिळालं म्हणायचं न्हाय. पलीकडचा माणूस त्या शब्दावर निर्धास्त होतोय." पूर ओसरल्यावर आपण दोघांनीही त्याचा कधी विषय काढला नाही.

गेल्या वर्षी तुमच्या छातीत दुखलं. डॉक्टरांनी जिना बंद केला. टेबलावरचा मोठा सेट वरच्या खोलीत राहिला आणि तुम्ही खाली कॉटवर बसून हातातल्या छोट्या सेटवर बोलायला लागलात. शमीमभाभींनी गच्चीवरच्या अँटेनाची केबल खिडकीतून आत घेऊन दिली. हजेरी तुम्ही माझ्याकडे सोपवलीत. वही पाठवलीत, तिच्यात पहिल्या पानावर सगळ्यांच्या मुलाबाळांची नावं लिहिलेली होती, विचारपूस करायला सोपं जावं म्हणून. मी इतकी वर्षं समजत होतो की ती तुम्हाला तोंडपाठ आहेत.

या पावसाळ्यात तुमच्या आवाजात खरखर यायला लागली. मी तुम्हाला खरा रिपोर्ट देत होतो. आधी चार-नऊ. मग तीन-नऊ. एकदा म्हणालोही, गच्चीवरच्या जोडणीत पाणी जात असावं, बघायला हवं. कोण बघणार, हे मी बोललो नाही. तुम्ही "व्हय, बघूया" म्हणालात. उचगावहून कळंब्याला मोटरसायकलवर पंचवीस मिनिटं लागतात. सहा आठवडे मी आलो नाही. परवा मी कारणं कागदावर लिहून काढली. डेअरीची पाळी, मुलीचा प्रवेश, पाऊस, कंबर. एकही कारण पंचवीस मिनिटांपेक्षा मोठं निघालं नाही.

मग तो गुरुवार आला. आदल्या दिवशी मी तुम्हाला तीन-नऊ दिलं होतं, आणि चपात्या लाटता लाटता माझी बायको म्हणाली होती, "आजारी माणसाला रोज मार्क कसले देताय? बरं बोला की दोन शब्द." ते मला लागलं होतं. गुरुवारी मी तुम्हाला पुकारलं. तुम्ही उत्तर दिलंत आणि बराच वेळ बोललात. चाळीसएक सेकंद असतील. पत्र्यावर वाळू ओतावी तसा आवाज होता. तुमच्या खोकल्यावरून तुम्ही आहात एवढं कळलं. बाकी एक वाक्य कळलं नाही. पुढं नऊ जण थांबले होते. मी बटण दाबून म्हणालो, "पाच-नऊ, रफीकभाई. सगळं कळलं. तब्येत सांभाळा."

यातलं नऊ खरं होतं, ते डोंगराचं होतं. बाकी सगळं खोटं.

आणि मला बरं वाटलं, हेही लिहिलं पाहिजे. तुमच्यासारखं वागता आलं म्हणून बरं वाटलं. जेवताना बायकोला सांगितलं की आज रफीकभाईंना पैकीच्या पैकी दिले.

शुक्रवार ते रविवार पाऊस थांबला नाही. सोमवारी हजेरीला तुम्हाला तीनदा पुकारलं, उत्तर नाही. गैरहजर. मंगळवारी तसंच. बुधवारी तसंच. मला वाटलं, विश्रांती घेत असतील. बुधवारी फोन हातात घेतला आणि उद्या करू म्हणून ठेवला. गुरुवारी सकाळी तुमच्या थोरल्या मुलीचाच फोन आला. पहाटेची, फजरची नमाज कॉटवर बसून पढलात आणि तसेच आडवे झालात.

तिसऱ्या दिवसाची जियारत झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी तुमच्या घरी आलो. भाभींनी चहा ठेवला. तुमचा सेट कॉटच्या उशाशी चार्जिंगला लावलेला होता, हिरवा दिवा लागलेला. काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. मी कप उचलला तेव्हा त्या म्हणाल्या, "रविवारी आला न्हाईसा, भाऊ."

मी विचारलं, कुठल्या रविवारी?

मग त्यांनी सांगितलं. गुरुवारी तुम्ही मला बोलावलं होतंत. जिना चढवत नाही, अँटेनाच्या जोडणीत पाणी शिरलंय, रविवारी येऊन बघ, आणि येतोस तर जेवायलाच ये. मी म्हणालो, सगळं कळलं. भाभी तिथंच होत्या, त्यांनी माझा आवाज ऐकला. रविवारी त्यांनी खिमा केला. तुम्ही सोल्डरिंगची इस्त्री आणि टेप काढून खिडकीत ठेवलीत आणि अडीच वाजेपर्यंत जेवला नाहीत. भाभी म्हणाल्या, फोन तरी करा. तर तुम्ही काय म्हणालात ते त्यांनी तुमच्याच आवाजात सांगितलं: "दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर केला असता. चौगुल्या खोटा आकडा सांगत न्हाय. त्याला कळलंय. पावसात अडकला असंल, यील."

सोमवारी जोडणी पुरती गेली होती. डोंगरावरचं यंत्र ताकदवान, त्याचा आवाज ओल्या जोडणीतूनही तुमच्यापर्यंत येत होता. तुमचा आवाज तेवढा वर पोचत नव्हता. म्हणजे तिन्ही संध्याकाळी तुम्ही आम्हाला ऐकत होतात. मी तीनदा पुकारत होतो आणि तुम्ही तीनदा बटण दाबून उत्तर देत होतात. डोंगरावरचं यंत्र आपला आवाज उचलत नाही हे तुम्हाला लगेच कळलं असणार, तुमच्याइतकं ते कुणाला कळतं? तरी दाबत होतात. मग मी गैरहजर म्हणायचो. भाभी म्हणाल्या, तुम्ही हसायचात. "बघ, हितं बसलोय आन गैरहजर." फोन तेव्हाही करू दिला नाहीत. त्याला सांगून झालंय, म्हणालात. सारखं सारखं सांगितलं तर त्याला वाटंल, विश्वास न्हाय.

त्यांनी आणखी एक सांगितलं आणि ते सांगताना त्या थोड्या हसल्या. पाच-नऊ ऐकून तुम्ही फार खूश झाला होतात. या पावसाळ्यात पहिल्यांदा दिलं म्हणून मुलींनाही फोन करून सांगितलंत.

रफीकभाई, त्या वेळी मला 'काम निघालं' म्हणता आलं असतं. भाभींनी ते मान्यही केलं असतं आणि तुमचं ते पाच-नऊ शाबूत राहिलं असतं. मी मनात शोधलं, अशा वेळी तुम्ही काय केलं असतंत. पण तुम्ही त्या वेळेपर्यंत येऊ दिलंच नसतंत, तुम्ही रविवारी येऊन बसला असतात.

मी म्हणालो, "भाभी, मला त्यातला एक शब्द ऐकू आला नव्हता."

त्या म्हणाल्या, "मग कळलं म्हणून कशाला सांगितलासा?"

रागाने नाही. खरंच ठाऊक नसलेली गोष्ट विचारावी तसं. मी चहा तसाच ठेवला आणि गच्चीवर गेलो. कनेक्टरवरची टेप उसवली होती. आत तांबं हिरवं पडलेलं, उलटा केल्यावर पाण्याचे दोन थेंब पडले. खालून तुमची इस्त्री आणली. केबल कापली, सोलली, नवा जोड घातला, टेप गुंडाळली. बारा मिनिटं लागली. खाली येऊन मी तुमच्या सेटवर माझं नाव सांगून हाक दिली. मगदूम गुरुजी ऐकत होते. म्हणाले, एकदम स्वच्छ. कुठून बोलताय? मी म्हणालो, कळंब्याहून.

मी डॉक्टरांना दोनदा विचारलं. ते म्हणाले, हृदयाचं काम होतं, आवाज पोचला असता तरी ते थांबलं नसतं. त्यामुळे तुमच्या जिवाचा दोष मी घेत नाही, तो माझा नाही. पण एक रविवार आणि तीन संध्याकाळी माझ्या आहेत.

आपलं भांडण मिटलं असंही मी लिहिणार नाही. खोटा आकडा वाईट, हे मी म्हणत होतो ते खरं निघालं, आणि असं जिंकायची माझी इच्छा नव्हती. तुमचंही खरं होतं. तुम्ही पाच-नऊ द्यायचात तेव्हा निघायची तयारी करून द्यायचात. पंधरा वर्षं मी खरा आकडा दिला आणि घरी बसलो. एकदा खोटा दिला, तरीही घरीच बसलो. ही गोष्ट तुम्ही मला कधी तोंडावर बोलून दाखवली नाहीत. बोलला असतात तर मी चिडलो असतो, पण आलो असतो.

भाभींना मी अजून उत्तर दिलेलं नाही. त्यांनी विचारलेलं मी रोज स्वतःला विचारतो आणि दर वेळी एवढंच सापडतं की नऊ जण थांबले होते, आवाज खराब होता, आणि आजारी माणसाला पुन्हा बोलायला लावायचा मला संकोच वाटला. संकोच. तुमच्यापुढे, तोही रेडिओवर, जिथे ऐकू आलं नाही म्हणण्यात कुणाला कधी कमीपणा वाटत नाही. त्या गुरुवारी बटण दाबून मला दोनच वाक्यं बोलायची होती. तुम्ही खोकून, दम घेऊन, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली असतीत, हे मला पक्कं ठाऊक आहे. ती दोन वाक्यं आता लिहितो.

रफीकभाई, काही ऐकू आलं नाही. परत सांगा.